मदत हवी आहे: त्वाल द झुईच्या रेषा कापडावर फिसकटतात

रेशीमगाठ:
कुशन कव्हरवर त्वाल द झुई, म्हणजे फ्रान्सची एकरंगी चित्रांची छापील नक्षी, छापतेय. पांढऱ्यावर एकच निळा. मेंढपाळ, झाडं, पडके खांब. रेषा फिसकटतात, मेंढ्यांचे नुसते डबके होतात. रंग बदलून पाहिला. रविवारी ऑर्डर द्यायचीय. काय करू?

चिंधी:
छापतेस कशाने? कापड कुठलं?

आजोळ:
कापडाची खळ काढलीस का? कोऱ्या कापडावर रंग वरच बसतो. आधी गरम पाण्यातून काढ.

रेशीमगाठ:
सुती आहे, धुतलेलं. लाकडी ठसा, मुद्दाम करवून घेतलाय.

खाचखळगे:
मग ठसाच नडतोय. ओबरकांफ नावाच्या कारखानदाराने १७६० मध्ये फ्रान्सच्या झुई गावात कापड छापायचा कारखाना काढला तेव्हा तिथेही लाकडी ठसेच होते. तुम्हाला हवी तशी चित्रं १७७० मध्ये तांब्याचे कोरीव पत्रे आल्यावर सुरू झाली. पत्र्यात रंग खाचेत राहतो, म्हणून रेषा बारीक येते. ठशात तो उठावावर असतो, दाबला की पसरतो. सरळ स्क्रीन करा, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापा.

चिंधी:
पूर्ण पटलं नाही. तिकडचे कारागीर लाकडी ठशात पितळी पट्ट्या आणि खिळे ठोकून बारीक रेषा, ठिपके काढायचे. रंग घट्ट ठेव, पॅडवर कमी घे, टेबलावर कापडाची गादी घाल.

खाचखळगे:
ठिपके येतील हो. मेंढपाळाचा चेहरा कसा येणार?

कोयरी:
मुळात हे सगळं आपल्याकडून गेलं! भारतातली छापील सुती कापडं फ्रान्समध्ये इतकी खपली की १६८६ मध्ये तिथल्या राजाने त्यांच्यावर बंदी घातली. तिथे छापायलाही मनाई होती. १७५९ ला उठवली. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या कापडावरची कोयरी बघा.

आजोळ:
प्रोव्हान्सची बूती शिका. दोन कापडांत टाके घालून सुती दोरा भरतात, नक्षी फुगून उठते. छापायची कटकटच नाही.

रेशीमगाठ:
बूती नकोय, गिऱ्हाइकाला मेंढपाळच हवेत. आणि इतिहास नंतर, प्लीज. स्क्रीनला जाळी कुठली घेऊ?

खाचखळगे:
बारीक. पण चित्र किती इंचांचं, ते अजून सांगितलंच नाहीत.