मदत हवी आहे: डबस्टेपचा २००६ ते २०१० हा टप्पा कसा ऐकवू?

मंडळी, आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटात पुढच्या महिन्यात डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकारावर दीड तासाचं सत्र घेतेय. दोन्ही टोकं तयार आहेत. एकीकडे दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा २००५ च्या आसपासचा आवाज: स्क्रीम, बेंगा, डिजिटल मिस्टिक्झ हे संगीतनिर्माते. दुसरीकडे २०१० चा अमेरिकन निर्माता स्क्रिलेक्स.

अडचण मधल्या दुव्याची आहे. लय दोन्हीकडे साधारण १४० बीपीएमच (मिनिटाला ठोके), स्नेअर ड्रमही तिसऱ्या ठोक्यावरच. पण आधी छातीत जाणवणारा खोल बेस नंतर मधल्या पट्टीत येऊन गुरगुरायला लागला, मोकळी जागा भरून गेली. जुने चाहते तेव्हा या नव्या आवाजाला हिणवून 'ब्रोस्टेप' म्हणत नाकं मुरडू लागले. मला ते भांडण नको, बदल कानाला पायरीपायरीने कळायला हवा.

'फॅब्रिकलाइव्ह ३७' हा कास्पा आणि रस्को यांचा २००७ चा मिक्स लावून पाहिला. उत्तम आहे, पण त्यात बदल बराचसा झालेलाच आहे. बेंगा आणि कोकी (डिजिटल मिस्टिक्झमधला) यांचा 'नाइट' हा ट्रॅक यादीत घेतलाय, त्यामुळे तो सुचवू नका.

हॉलमध्ये सबवूफर (खोल बेस वाजवणारा स्पीकर) नाही आणि भाड्याने आणणं परवडणार नाही. गटातले लोक बहुतेक नाट्यसंगीत, गझल ऐकणारे, तेव्हा प्रत्येक तुकडा तीन-चार मिनिटांचाच ठेवणार आहे.

तर या दोन टोकांमधले, साध्या स्पीकरवरही फरक कळेल असे तीन-चार ट्रॅक कोणते, आणि ते कोणत्या क्रमाने लावू?