रात्री मोबाइलवर वाचताना निळा प्रकाश कसा कमी करावा?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली)
माझा धाकटा भाऊ राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. घरातल्यांची झोपमोड नको म्हणून तो रात्री दहानंतर दिवा मालवून मोबाइलवरच पीडीएफ नोट्स वाचतो. स्क्रीन पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ची सोय सुरू असूनही नंतर बराच वेळ त्याचा डोळा लागत नाही. चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा सुचवल्या आहेत. त्या घ्याव्यात, की मोबाइलमध्येच आणखी काही बदल करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सातारा, विज्ञान शिक्षक)
नाइट लाइट सुरू असू द्यावी, पण तेवढ्यावरच भिस्त ठेवू नये. आपल्या दृष्टिपटलात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि अजून दिवस असल्याचा संदेश मेंदूला पोहोचवतात, त्यामुळे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. मात्र या पेशींवर केवळ रंगाचा नव्हे, तर डोळ्यांत शिरणाऱ्या एकूण प्रकाशाचाही परिणाम होतो. स्क्रीन पिवळी केली पण ब्राइटनेस पूर्ण ठेवला, तर फारसे साधत नाही.

म्हणून आधी ब्राइटनेस अगदी खाली आणावा. तोही जास्त वाटल्यास अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या बहुतेक फोनमध्ये ‘एक्स्ट्रा डिम’, तर आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ ही सोय आहे. पीडीएफचे पांढरेशुभ्र पान हाच येथे उजेडाचा मुख्य स्रोत असल्याने वाचनाच्या ॲपमधील काळी पार्श्वभूमी निवडावी. फोन दुप्पट अंतरावर धरला, तर डोळ्यांवर पडणारा प्रकाश साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो.

उत्तर २ (मिरज, नेत्रतपासनीस)
काचांवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला. अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे त्यात दिसले नाही आणि झोपेबाबतही ठाम निष्कर्ष निघाला नाही. साध्या पारदर्शक दिसणाऱ्या काचा निळ्या प्रकाशाचा थोडाच भाग अडवतात. डोळे चुरचुरत असतील, तर स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात हे त्याचे नेहमीचे कारण असते. त्याच पैशांत एकदा नंबर तपासून घ्यावा.

उत्तर ३ (पलूस, द्राक्ष बागायतदार)
शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की मोटर सुरू करायला मध्यरात्री उठावे लागते. तेव्हा फोन हाताळल्यावर पुन्हा झोप लागणे किती कठीण असते, हे मी जाणतो. मंद केलेल्या स्क्रीनवरही बातम्या किंवा बाजारभाव पाहत बसलो, तर मन जागेच राहते. परीक्षेचे प्रश्न सोडवतानाही तेच होत असणार. त्यामुळे आपल्या भावाने नवा आणि अवघड भाग संध्याकाळीच संपवावा. रात्री वाचायच्या पानांची झेरॉक्स काढून ठेवावी आणि भिंतीकडे तोंड केलेल्या लहान दिव्याखाली ती वाचावीत. दिवा घेताना खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेला पिवळा बल्ब निवडावा, ६५०० चा पांढरा नको. शिवाय सकाळी उठल्यावर थोडा वेळ अंगणात उन्हात बसावे, कारण सकाळच्या उजेडाने रात्रीची झोप वेळेवर येण्यास मदत होते.