काडीवरचं सफरचंद आणि घरचं कॅरॅमल: सातारा-सांगलीकरांनो, अनुभव येऊ द्या

विश्रामबाग, सांगली

धाकटीचा वाढदिवस नोव्हेंबरात आहे. कॉलनीतली सगळी पोरं येणार, शिवाय नणंदेची जुळी. केक, समोसे, वेफर्स ठरलेत, पण बाईसाहेबांना यंदा काडीला टोचून कॅरॅमलमध्ये बुडवलेली सफरचंदं हवीत. चिक्की, तिळाच्या वड्या, रव्याचे पाकातले लाडू असं सगळं घरात होतं, पाकाला मी घाबरत नाही. हे मात्र कधी केलेलं नाही. मोबाइलवर बघितलेलं सांगू नका, व्हिडिओ मलाही दिसतात. स्वतःच्या गॅसवर झालेलं सांगा. सफरचंद कुठलं घ्यायचं, कॅरॅमल झालं हे ओळखायचं कसं, आणि आपल्याकडच्या हवेत ते टिकतं का, एवढंच अडलंय.

शाहूपुरी, सातारा

कॅरॅमलची चिंता नंतर करा ताई, आधी फळ बघा. नोव्हेंबरात हिमाचलातल्या किन्नौरचा माल असतो, तो मागा. कडक असतो आणि थोडी आंबट चव असते. लालभडक डेलिशिअस दिसायला देखणं, पण बरेच दिवस शीतगृहात राहून आलेलं असेल तर आतून पिठूळ लागतं. वरून गोड, आतून गोड, दोन घासांत तोंडाला मिठी बसते. हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तमच, पण ते परदेशातून येतं, भाव विचारूनच पिशवी पुढं करा. आणि मोठी फळं घेऊच नका. पेटीतला बारीक माल मागायचा. सांगलीत तुमच्या विष्णूअण्णा फळ मार्केटात सकाळी गेलात तर असा माल निवडून घेता येईल.

आता मेण. दुकानात चकाकणाऱ्या सफरचंदावर बहुतेक वेळा मेणाचा पातळ थर असतो. त्यावर कॅरॅमल धरत नाही, हळूहळू खाली उतरतं. उकळत्या पाण्यात फळ पाच-दहा सेकंद बुडवायचं आणि बाहेर काढल्या काढल्या खरखरीत पंचानं पुसायचं. सालीवरची चकाकी जाते, पंचा जरा बुळबुळीत लागतो, ते मेण. मग फळं रात्रभर ताटात पसरून ठेवायची, फ्रिजबाहेर. फ्रिजमधल्या गार फळावर पाणी सुटतं आणि ओल्या सालीवरून कॅरॅमल घसरतं. काडी देठाच्या जागीच, निम्म्याच्या जरा पुढं जाईल अशी. आइस्क्रीमच्या जाड काड्या घ्या. बांबूच्या टोकदार काड्या पळणाऱ्या पोरांच्या हातात नकोत.

कराडजवळचं गाव

माझ्या आजोळी गुऱ्हाळ होतं, त्यामुळं पाकासाठी थर्मामीटर बघितला की मला हसू येतं. काहिलीत रस आटत आला की गुळव्या थोडा पाक पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळा करायचा आणि त्या गोळीवरून काहील कधी उतरायची ते सांगायचा. आम्ही पोरं काकवीसाठी वाटी घेऊन तिथंच उभी. त्याच्या हातात कधी घड्याळसुद्धा नव्हतं.

कॅरॅमलला हीच परीक्षा लावा. वाटीत गार पाणी, त्यात अर्धा चमचा कॅरॅमल. पाण्यात पसरलं तर कच्चं आहे. मऊ गोळी झाली पण पाण्याबाहेर काढल्यावर बोटावर चपटी होत चालली, तर अजून थोडं आटवा, असलं कॅरॅमल सफरचंदावरून ओघळतं. गोळी बाहेर काढल्यावर आकार धरून बसते, दाबली तर दबते, सोडली तर तशीच राहते, तिथं थांबायचं. कटकन मोडली तर झाली चिक्की. परीक्षा बघताना गॅस बंद ठेवा. गोळी वळेपर्यंत पातेल्यातलं पुढं निघून जातं, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आमच्याकडं माझी जाऊ गुळाचंही करते. चव खमंग, रंग काळपट. पण गुळात साधं दूध ओतू नका, फाटतं. ती गूळ, लोणी आणि नारळाचं घट्ट दूध घेते. गूळ साधाच, चिक्कीचा नको, तो दाताला जड होतो. चांगला गूळ कुठं मिळतो हे सांगलीच्या माणसाला मी काय सांगणार.

गावभाग, सांगली

थर्मामीटरला हसू नका दादा. तुमच्या बोटांना सवय आहे, आम्हा केक करणाऱ्यांना ऑर्डर वेळेत द्यायची असते. तुमची ती गोळी म्हणजे ११८ ते १२० अंश सेल्सिअस, दोघंही एकाच ठिकाणी पोचतो.

ताई, मध्यम आकाराच्या आठ-दहा सफरचंदांसाठी माझं माप: साखर ४०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, फ्रेश क्रीमचे २०० मिलीचे दोन डबे, लोणी १०० ग्रॅम, मीठ चिमूटभर, व्हॅनिला शेवटी. ग्लुकोज केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ते टाळू नका, त्यानं साखर परत दाणेदार होत नाही. जाड बुडाचं आणि खोल पातेलं घ्या, मिश्रण उकळताना दुप्पट वर येतं. क्रीम सोडून बाकीचं विरघळवून घ्यायचं, मग कोमट केलेलं क्रीम थोडं थोडं घालायचं. आच मध्यम. कालथ्यानं तळ सोडवत राहायचं. सुरुवातीला मोठे, पाण्यासारखे बुडबुडे येतात. नंतर ते लहान आणि जड होतात, फुटताना पच् पच् आवाज येतो. तिथून पुढं फोन आला तरी घ्यायचा नाही.

गॅस बंद केल्यावर लगेच बुडवायची घाई नको. उकळतं कॅरॅमल फळावर नुसतं न्हाऊन निघून जातं. ८५ अंशांच्या आसपास येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर चमचा उचलून बघा, धार तुटायच्या ऐवजी पट्टीसारखी पडली पाहिजे. पातेलं तिरकं धरून फळ फिरवायचं, वर उचलून जादाचं गळू द्यायचं, खालचा भाग पातेल्याच्या कडेला पुसायचा आणि तूप लावलेल्या ताटात उभं करायचं. बटर पेपर वापरलात तरी त्याला तुपाचा हात लावा, नाहीतर पार्टीला कागदासकट खावं लागतं. शेंगदाण्याचा भरड कूट किंवा भाजलेले तीळ लावायचे तर कॅरॅमल चिकट असतानाच, मिनिटाभरात.

मिरज

ग्लुकोजऐवजी लिंबू पिळलं तर? साखरेच्या पाकात आम्ही नेहमी पिळतो.

गावभाग, सांगली

नुसत्या साखर-पाण्याच्या पाकात चालतं, तिथं ते साखर दाणेदार होऊ देत नाही. इथं क्रीम आहे, लिंबानं फाटेल. मिळालंच नाही ग्लुकोज तर मध घाला, पण मग चव मधाची येणार.

पाचगणी

आमच्याकडच्या एका निवासी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चार बायका मिळून हे करतो. डोंगरावरच्यांसाठी एक गोष्ट सांगते. पुस्तकातला ११८ अंशांचा आकडा इथं लावला की कॅरॅमल दगड होतं. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण ३०० मीटरला एक अंश. पाचगणी समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे आमच्याकडं पाणी ९६ च्या आसपासच उकळायला लागतं. तेवढे चार अंश पाकातूनही कमी करायचे. आम्ही ११४ ला उतरवतो. आपापल्या गावात थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघायचा, १०० च्या खाली जेवढा दाखवेल तेवढं वजा करायचं. सांगलीत दोनेक अंशांचा फरक पडेल. कराडच्या दादांच्या गोळीला मात्र उंचीचा काही फरक पडत नाही, हे कबूल.

स्ट्रॉबेरीवर कोणी विचारेल म्हणून तेही सांगते. तिच्यावर हे मऊ कॅरॅमल टिकत नाही, रस सुटतो. नुसत्या साखरेचा काचेसारखा कडक पाक चालतो, १५० अंशांचा, तोही करून लगेच खाणार असाल तर. पावसाळ्यात आम्ही या दोन्हींच्या वाटेला जात नाही. इथल्या जुलैच्या हवेत साखर पाणी ओढते, डब्यातली फळं तासाभरात चिकट.

वाई

आमच्या सासूबाईंनी या प्रकाराला आधी नाक मुरडलं. सफरचंदाला काय कमी आहे म्हणून त्याला गोडात बुडवायचं, असं त्यांचं म्हणणं. नातवानं हट्ट धरला तेव्हा त्यांनीच कढई हातात घेतली. क्रीम वगैरे नाही, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, लोणी, दोन चमचे गूळ, मंद आच. दूध आणि साखर दोन्ही त्यात असल्यामुळं फार पटकन खाली लागतं, हात थांबवायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत बदामी रंग येतो आणि वास सुटतो. त्यांनी बोटानं चाखलं आणि म्हणाल्या, हे तर कंदी पेढ्याचं ओलं भावंड. खरंच तसं आहे. साताऱ्याच्या पेढ्याला जो भाजका वास असतो, तो खवा खमंग परतल्यानं येतो, दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र भाजली गेल्यानं. कॅरॅमलमध्ये क्रीम किंवा दूध असलं की तेच होतं. नुसती साखर जाळून ती चव येत नाही, कडवटपणा येतो. आता आमच्याकडं त्यात वेलची पडते, जायफळही. व्हॅनिला कोणी विचारत नाही.

मिरज, दातांच्या दवाखान्यात नोकरी

दोन गोष्टी, कोणाचा हिरमोड करायचा हेतू नाही. ज्या मुलांच्या दातांना तारा आहेत त्यांना अख्खं फळ देऊ नका, तार सुटून येतात बिचारी. अगदी लहानांनाही नको. त्यांच्यासाठी फोडी करून वर कॅरॅमलची धार सोडा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेत २०१४ च्या शेवटी बाजारात मिळणाऱ्या कॅरॅमल सफरचंदांमुळं लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली होती, १२ राज्यांत ३५ जण आजारी पडले, काही दगावले. नंतर तपासलं तेव्हा काडीचा हात कळला. नुसत्या कॅरॅमलमध्ये पाणी कमी, नुसतं सफरचंद आंबट, दोन्हींत जंतू सहज वाढत नाहीत. पण काडी टोचली की रस बाहेर येतो, साल आणि कॅरॅमल यांच्यामध्ये ओल साठते, आणि फळ दिवसचे दिवस फ्रिजबाहेर राहिलं की जंतूंचं फावतं. घरी करताना घाबरायचं कारण नाही. फळं नीट धुवा, काड्या स्वच्छ घ्या, केल्या दिवशीच संपवा. कोणाच्या घरी गरोदर बाई असेल तर तिला ताजंच द्या.

विश्रामबाग, सांगली

म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचं की नाही? एक म्हणतात फ्रिजमधून काढलं की पाणी सुटतं, दुसऱ्या म्हणतात बाहेर ठेवू नका.

शाहूपुरी, सातारा

बुडवायच्या आधी फळ फ्रिजमध्ये नको, बुडवल्यानंतर उरलं तर फ्रिजमध्येच. दुपारी करा, संध्याकाळी वाटा, म्हणजे प्रश्नच येत नाही. उरलेली वेगवेगळी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायची. बाहेर काढल्यावर थोडी ओलसर होणार, तेवढं चालवून घ्यायचं.

तासगाव

सगळे छान लिहितायत, मी जरा उलटं लिहितो. अख्खं सफरचंद हे फोटोपुरतं. आमच्या पुतण्याच्या पार्टीत पोरांनी वरचं कॅरॅमल चाटलं, दोन चावे घेतले आणि काड्या खुर्च्यांखाली. वहिनींनी दिवसभर केलेलं सगळं टोपलीत गेलं. त्यानंतर आमच्याकडं सफरचंदाच्या जाड फोडी करतात, साल ठेवून. फोडी कापल्यावर मिठाच्या पाण्यात घालून काढायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत, मग कपड्यानं अगदी कोरड्या करायच्या. प्रत्येकीला छोटी काडी, निम्मी फोड कॅरॅमलमध्ये आणि लगेच बेदाण्याच्या ताटात. बेदाणा आमच्या घरचा, त्यामुळं हात सढळ असतो, पण बारीक चिरून घ्या, अख्खा गळून पडतो. फोडी वाढायच्या वेळीच बुडवायच्या. टेबलावर कॅरॅमलचं पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवलं आणि मोठ्यांपैकी एक जण तिथं उभा राहिला तर पोरांना बुडवायची मजाही मिळते. काही वाया जात नाही.

पेरूवरही केलंय. कच्चट पेरू, कॅरॅमल, वरून तिखट-मीठ. मोठ्या माणसांनी तेच संपवलं.

सदर बझार, सातारा

तासगावकर, पोरांच्या हाती पातेलं द्यायचं असेल तर ते खरंच कोमट झालंय ना हे आधी बघा. उकळतं कॅरॅमल पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं आणि कातडीला चिकटून बसतं, झटकता येत नाही. आमच्याकडं ओट्यावर गार पाण्याचं भांडं तयार असतं, आणि आटवण्याच्या वेळी स्वयंपाकघरात पोरांना बंदी.

दुसरं, पार्टी हॉलवर असेल तर न्यायचं कसं हे कोणी लिहिलं नाही. चपलांच्या खोक्याला उलटं करून भोकं पाडतात ते करू नका, काडी फिरते आणि फळं एकमेकांना चिकटतात. प्रत्येक फळाखाली तूप लावलेला केकचा मोठा कागदी कप, आणि पसरट खोक्यात एकाच थरात. गाडीत एसी लावा. नोव्हेंबरात ठीक आहे, एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात गाडी थांबवून कोणाशी गप्पा मारत बसलात तर कॅरॅमल कपात आणि सफरचंद उघडं.

विश्रामबाग, सांगली

ठरलं. मोठ्या पोरांना बारीक अख्खी, धाकट्यांना फोडी, कॅरॅमल क्रीमचं. एक वाटी गुळाचंही करून बघणार, नारळाच्या दुधातलं. आता शेवटचं सांगा, पातेलं घासायचं कसं? आमच्या मावशी चिक्कीच्या कढईवरूनच आठवडाभर बोलतात.

कुपवाड

घासायचंच नाही. पातेलं निम्मं पाण्यानं भरून गॅसवर ठेवा, उकळी आली की सगळं आपोआप सुटतं. क्रीमचं असेल तर पाण्याऐवजी दूध घाला, कालथाही त्यातच बुडवा, आणि त्या दुधाची कॉफी करा. मावशींनाही एक कप द्या.