बल्क कूलरचा कॉम्प्रेसर बदलताना जुनं तेल लाइनीत राहिलं तर चालतं का?

संकलन_विटा: आमच्या हजार लिटरच्या बल्क कूलरचा (दूध थंड करायच्या टाकीचा) कॉम्प्रेसर जळाला. जुना आर-22 गॅसवर होता, मिनरल ऑइलचा. मेकॅनिकनं आर-407सी गॅसवर चालणारा आणलाय, आत पीओई (सिंथेटिक तेल) भरूनच आलंय. लाइन (गॅसचे पाइप) धुणार का विचारलं तर म्हणतो, "तेलात तेल गेलं तर काय बिघडतंय? गॅस भरू, चालू करू." संध्याकाळचं दूध रोज शेजारच्या केंद्रावर पाठवतोय, म्हणून घाई आहे. करू देऊ का?

थंडगार_कराड: करा बिनधास्त. आमच्या फ्रीजरला असंच केलेलं, दोन उन्हाळे काढले.

गेजवाला_कोल्हापूर: कराडकर, तुमच्या फ्रीजरात गॅस कुठला ते सांगा की! आर-22 तसाच ठेवला असेल तर चालणारच, तो दोन्ही तेलांत मिसळतो. 407सीचं तसं नाही. मिनरल त्याच्यात विरघळत नाही, टाकीखालच्या थंड प्लेटमध्ये घट्ट होऊन बसतं. थंडावा कमी होतो आणि तेल परत येईना झालं की नवा कॉम्प्रेसर कोरडा पडतो. मिनरल साधारण 5 टक्क्यांच्या आत आणायचं असतं.

विटेकर, जुना कॉम्प्रेसर भंगारात देऊ नका. उलटा करून तेल मापात ओता. कंपनीच्या कागदावर किती भरलेलं ते बघा. कमी निघालं तेवढं लाइनीत आहे असं धरा. आणि रंग-वास सांगा.

संकलन_विटा: कागदावर 1.7 लिटर, निघालं 1.3. काळं झालंय, नाकात जातंय.

गेजवाला_कोल्हापूर: म्हणजे 400 मिली आत. नव्यातही 1.7 असेल तर एकूण 2.1 मध्ये जवळजवळ 19 टक्के मिनरल! वर काळं तेल म्हणजे अॅसिड. ते हाताला लावू नका, हातमोजे घाला.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) आणि ड्रायर (ओल-कचरा धरणारी गाळणी) काढून कॉईल वेगळी धुवायला लावा. फ्लशिंगचं लिक्विड सोडायचं, मग कोरड्या नायट्रोजनचे झटके, दोन्ही बाजूंनी, बाहेर पांढऱ्या फडक्यावर डाग पडेनासा होईपर्यंत. हवेच्या कॉम्प्रेसरनं फुंकणारा माणूस असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. त्या हवेत पाणी असतं, पीओई पाणी ओढून घेतं आणि पुन्हा अॅसिड तयार होतं. म्हणूनच नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचं पाइप जोडायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. वरून तेल घालायची वेळ आलीच तर सीलबंद डबा घ्या, गाडीतला अर्धा उरलेला नको.

लिक्विड ड्रायर नवा, सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपला) अॅसिड ओढणारा बर्नआउट ड्रायर. व्हॅक्यूम मायक्रॉन गेजवर 500 च्या खाली. साध्या गेजचा काटा तेवढं बारीक दाखवत नाही. 407सी मिश्र गॅस आहे, सिलिंडरमधून लिक्विडच भरायचा.

संकलन_विटा: मेकॅनिक म्हणतोय, एवढं करायचं तर एक दिवस जास्त आणि नायट्रोजनचे पैसे वेगळे.

गेजवाला_कोल्हापूर: बरोबर मागतोय, द्या. फक्त धुताना समोर उभे राहा.