मदत हवी आहे: कांद्याच्या मुळीत मायटोसिस (पेशीविभाजन) दिसतच नाहीये, सोमवारी प्रॅक्टिकल

पेनहरवलेली (गुरुवार, रात्री 10.40)
चार स्लाइड केल्या, चारही फुकट. कांद्याच्या मुळीच्या. सगळं मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच केलंय. विटा रचल्यासारख्या लांबुळक्या पेशी दिसतात, कडेच्या रेघा गुलाबी आणि आत काही नाही. कुठेतरी एखादा ठिपका. विभाजनाचा एकही टप्पा नाही, प्रोफेज नाही, मेटाफेज नाही, काहीच नाही. अकरावी सायन्सला आहे. सोमवारी स्वतः केलेली स्लाइड दाखवायचीय, पेटीतली तयार स्लाइड चालणार नाही असं मॅडमनी बजावलंय. प्लीज लवकर सांगा काय चुकतंय. थिअरी सांगू नका, थिअरी येते.

शेंगाचटणी (10.52)
सोप्पं आहे गं. कांदा चिरायचा, आतल्या बाजूची पातळ पापुद्र्यासारखी साल चिमट्याने सोलायची, आयोडीनचा एक थेंब, वरून काच. मी शाळेत केलेला, पहिल्या झटक्यात दिसलेला. साल दुमडू द्यायची नाही एवढंच.

पेनहरवलेली (10.55)
ते शाळेतलं झालं. मुळी म्हणतेय मी, साल नाही. सालीत विभाजन दिसत नसतं.

काचपट्टी (11.08)
बाळ, "सगळं मॅन्युअलप्रमाणे" म्हणजे नेमकं काय ते लिही. मुळ्या किती दिवसांच्या, किती वाजता तोडल्या, कशात ठेवल्या, किती तास, रंग कुठला, ॲसिड घातलं का, लेन्स कितीची. मी 31 वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या बायोलॉजी लॅबमध्ये सहायक होतो. "सगळं बरोबर केलं" म्हणणाऱ्या पोरांच्याच स्लाइड कोऱ्या निघायच्या. फोटो असेल तर टाक.

सातशेवीस_पक्के (11.15)
ताई, प्रॅक्टिकलमध्ये एवढा जीव घालू नकोस. मार्क्स मिळतातच. नीटला यातून एकच गोष्ट विचारतात. कांद्याच्या मुळीच्या पेशीत टू-एन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या, बरोबर 16. मग जी-1 ला (आधीची वाढ) 16, एस फेजनंतर (डीएनएची नक्कल) 32, एम फेजनंतर (विभाजन) परत 16. हे पाठ कर, विषय संपला.

गुणसूत्र46 (11.21)
विषय संपला नाही, चुकला. एस फेजनंतर डीएनए दुप्पट होतो, टू-सी चा फोर-सी (सी म्हणजे डीएनएचं माप). गुणसूत्रांची संख्या 16 च राहते. हे पाठ करून गेलास तर तो एक प्रश्नही जाईल.

सातशेवीस_पक्के (11.24)
डीएनए डबल झाला म्हणजे क्रोमोसोम डबल झाले ना? लॉजिक आहे.

गुणसूत्र46 (11.33)
जुळं केळं बघितलंय का? दोन केळी, देठ एक. फळवाला डझन मोजताना ते एकच धरतो. एस फेजनंतर प्रत्येक गुणसूत्र तसं असतं, दोन क्रोमॅटिड आणि त्यांना धरून ठेवणारा एक सेंट्रोमिअर. मोजायचे सेंट्रोमिअर. ॲनाफेजला, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात तेव्हा, ते फाटतात, तेव्हा पेशीत थोडा वेळ खरोखर 32 असतात, दोन्ही टोकांकडे 16-16. मग मधे भित्तिका येते आणि दोन पेशींत सोळा-सोळा. तुझे 32 तिथे आहेत, एसमध्ये नाहीत.

पेनहरवलेली (11.36)
मी म्हटलं होतं थिअरी नको.

फोटो चढत नाहीये, साइज मोठी म्हणतंय. कांदा ग्लासवर बसवला, बूड पाण्याला टेकेल असा. पाचव्या दिवशी चांगल्या लांब मुळ्या आल्या. संध्याकाळी क्लासवरून येऊन तोडल्या आणि बाटलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी लाल रंग घालून गरम करून दाबल्या. मायक्रोस्कोप मामाच्या पॅथॉलॉजी लॅबमधला आहे, पेशंट संपले की मिळतो. कॉलेजात मायक्रोस्कोप चार आणि आम्ही ऐंशी, तिथे नंबर लागत नाही.

काचपट्टी (11.41)
बाटलीत कशात? आणि "लाल रंग" म्हणजे कुठला? सॅफ्रनिनही लालच असतो.

अडत_मार्केटयार्ड (शुक्रवार, सकाळी 6.20)
कांदा कुठला घेतला ते कुणी विचारतच नाही. आमचं सोलापूरच्या यार्डात तीस वर्षं कांद्याचंच काम आहे. आत्ता जानेवारीत लाल कांद्याची आवक जोरात. शेतकरी पात कापतो आणि मुळ्या छाटतो, घाईत बूड खोल गेलं की त्या कांद्याला मुळी फुटत नाही, कितीही पाण्यात बसवा. शिवाय साठवणीच्या मालाला कोंब येऊ नये म्हणून किरण मारतात, लासलगावला 2002 पासून ते केंद्र आहे. तसला कांदा आला असेल तर पेशी कशाला वाढतील? गावरान कांदा घ्या, जुना, चाळीतला. घट्ट बघून.

पेनहरवलेली (6.45)
काका, मुळ्या आल्यात. दाढीसारख्या आल्यात. प्रॉब्लेम नंतरचा आहे.

शेंगाचटणी (7.02)
मालक, लाल कांद्याला भाव काय लागलाय मग?

अडत_मार्केटयार्ड (7.10)
विचारू नका. शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी आणि ते चिरून आलेलं नव्हे.

गुणसूत्र46 (8.30)
मला कारण स्पष्ट दिसतंय. संध्याकाळी तोडल्या, इथेच चुकलं. कांद्याच्या मुळ्या सकाळी तोडायच्या, आठ ते दहाच्या सुमारास. विभाजन तेव्हा जोरात असतं. संध्याकाळच्या मुळीत सगळ्या पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, गेलेल्या असतात. उद्या सकाळी नव्या तोड, चोवीस तास ठेव, रविवारी स्लाइड कर. दुसरा उपाय नाही.

काचपट्टी (9.05)
"सगळ्या" नाही हो. सकाळी जास्त मिळतात हे खरं, मीही पोरांना सकाळचंच सांगायचो. पण दुपारच्या बॅचला कमी पडल्या म्हणून तीन वाजता तोडलेल्या मुळ्यांतही मी मेटाफेज दाखवलेत. शोधावं लागतं एवढंच. कुठल्याही वेळी बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच असायच्या, विभाजन चाललेल्या थोड्या. पण ही म्हणतेय आत *काहीच* नाही. इंटरफेज असली तरी केंद्रक रंगून गोल दिसायला हवं. म्हणून रंग विचारत होतो. पोरीनं उत्तर दिलेलं नाही.

गुणसूत्र46 (9.12)
तुमचा अनुभव मान्य, पण पद्धत म्हणून सकाळच.

शेंगाचटणी (9.40)
मामाच्या लॅबमध्ये शंभरची तेलवाली लेन्स असणार. डायरेक्ट तीच लाव की. जितकं मोठं तितकं क्लिअर.

काचपट्टी (9.48)
अजिबात नको! नीट न चेपलेली मुळी जाड असते आणि शंभरची लेन्स काचेला जवळजवळ टेकते. कव्हरस्लिप फुटेल आणि मामाच्या लेन्सवर चरा येईल. दहा गुणिले पंचेचाळीस, 450 पट, याला भरपूर झालं.

आई_जुळेसोलापूर (11.30)
या धाग्यावर जाणकार दिसतात म्हणून विचारते. आमच्या चिरंजीवांना पेशीचं मॉडेल करायचंय, थर्माकोलवर बंदी आहे म्हणे. मायटोकाँड्रिया कशाचे करावेत? शेंगदाणे चालतील का? आमच्याकडे ते कायम असतात.

शेंगाचटणी (11.34)
ताई, शेंगदाणे नकोत, मुंग्या लागतात. राजमा लावा. अनुभव आहे.

पेनहरवलेली (दुपारी 4.15)
कॉलेजातून आत्ता आले. रंग ॲसिटोकार्माइन, बाटलीवर तसंच लिहिलंय, लॅबमधल्या दादांनी ड्रॉपरच्या बाटलीत दिलाय. फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण) तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, रात्रभर आणि दुसरा दिवस. ॲसिडचा एक थेंबही घातला रंगात. सगळं केलंय हो! आणि मी काही घाण काम केलेलं नाही. मुळ्यांची टोकं जरा पिवळट, गढूळ, सडायला लागल्यासारखी होती, तेवढी ब्लेडने उडवून पुढचा स्वच्छ पांढरा भाग घेतला. तरी ही अवस्था.

काचपट्टी (4.19)
थांब. टोकं उडवलीस?

पेनहरवलेली (4.20)
हो. दोन-तीन मिलिमीटरच. का?

गुणसूत्र46 (4.22)
अरे देवा.

काचपट्टी (4.51)
अगं, प्रयोग त्या दोन मिलिमीटरचाच आहे. बाकीची मुळी टाकून द्यायची असते.

टोकाला मूलटोपी, तिच्या लगेच मागे विभाजी ऊती. पेशी दुभंगतात त्या तिथेच. त्याच्या वर गेलीस की पेशींचं विभाजन थांबलेलं असतं, त्या नुसत्या पाणी पिऊन लांब होतात. रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, फुगते आणि केंद्रक कडेला ढकललं जातं. तुला विटा आणि कुठेतरी ठिपका दिसला तो हाच भाग. तुझी स्लाइड चुकलेली नाही, जागा चुकली. आणि टोक सडलं नव्हतं. तिथे पेशी बारीक आणि दाटीनं असतात, म्हणून ते उरलेल्या मुळीपेक्षा गढूळ, पिवळसर दिसतं. खरं सडलेलं टोक बोटाला बुळबुळीत लागतं आणि वास येतो.

बाटलीत मुळ्या शिल्लक आहेत का? टोकासकट?

पेनहरवलेली (4.53)
सहा आहेत. त्यांची नाही कापली अजून. 😭

काचपट्टी (5.20)
मग उद्याची वाट बघायला नको. आज संध्याकाळी हे कर.

एक मुळी वॉचग्लासमध्ये घे, अख्खी. रंगाचे नऊ थेंब, एक नॉर्मल (1N) हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक. ॲसिडनं पेशी एकमेकींना चिकटवणारा थर सैल होतो, नाहीतर दाबल्यावर पसरत नाहीत. स्पिरिटच्या दिव्यावर वरच्यावर धर, वाफ दिसली की काढ. उकळू द्यायचं नाही. हे दोन-तीनदा, मग झाकून दहा मिनिटं ठेव. अल्कोहोलची बाटली दिव्यापासून लांब आणि खिडकी उघडी.

आता मुळी पांढऱ्या कागदावर धरून बघ. टोकाचा दोनेक मिलिमीटर भाग बाकीच्यापेक्षा गडद झालेला असेल. तिथं केंद्रकांची गर्दी आहे म्हणून. तेवढाच ठेव, बाकी फेक. काचेवर घे, 45 टक्के ॲसिटिकचा एक थेंब, नसेल तर पाण्याचा. कव्हरस्लिप तिरकी सोड, बुडबुडा नको. वर टिपकागदाची दुहेरी घडी ठेवून पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलके ठोके दे, मग अंगठ्यानं सरळ खाली दाब. आडवं सरकवलंस तर पेशी लोकरीच्या गुंड्यासारख्या वळतात.

रंग फिकट वाटला तर एक जुनी युक्ती. रंगाच्या थेंबात लोखंडी सुई, थोडी गंजकी असली तरी उत्तम, जरा वेळ फिरव. लोखंडानं कार्माइन गडद बसतो. आमच्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये खास त्यासाठी एक गंजकी सुई होती. नवीन आलेल्या सरांनी ती टाकून दिली होती, मी कचऱ्यातून परत काढली.

आधी दहाच्या लेन्सनं शोध. चौकोनी, लहान पेशी, आत मोठं केंद्रक, अशी जागा दिसली की मगच पंचेचाळीस. लांबुळक्या पेशी दिसल्या तर समज अजून वर आहेस.

गुणसूत्र46 (5.41)
सकाळचा आग्रह मागे घेतो. निदान या केसपुरता.

अवांतर, पण राहवत नाही. याच कांद्याच्या मुळीवर स्वीडनच्या आल्बर्ट लेवान यांनी 1938 मध्ये कोल्चिसिनचा परिणाम अभ्यासला. कोल्चिसिन दिलं की गुणसूत्रांना ओढणारे तर्कूचे धागे बनत नाहीत आणि पेशी मेटाफेजलाच अडकते. पुढे 1956 मध्ये त्याच लेवान यांनी जो हिन त्जिओ यांच्यासोबत माणसाची गुणसूत्रं 46 असल्याचं दाखवलं. तोवर पुस्तकांत 48 छापायचे, तीसेक वर्षं. आणि तेव्हा कामी आलं तेच तंत्र, कोल्चिसिन आणि दाबून सपाट केलेल्या पेशी. माझं इथलं नाव तिथून आलंय.

सातशेवीस_पक्के (5.50)
हे नीटला येतं का?

गुणसूत्र46 (5.51)
नाही.

सातशेवीस_पक्के (5.52)
मग ओके. एस फेजचं दुरुस्त केलं वहीत. 16, 16, 16.

आई_जुळेसोलापूर (6.30)
राजमा लावला. फेविकॉलनं नीट बसतोय. धन्यवाद.

पेनहरवलेली (रात्री 9.37)
दिसलं!!!!

पहिली मुळी जळाली, दिव्यावर जास्त धरली. दुसरीत कव्हरस्लिप फुटली. तिसरी. आधी परत विटा दिसल्या, मग काच डावीकडे सरकवली तर एकदम बारक्या चौकोनी पेशींचा पुंजका, डाळिंबाच्या दाण्यांसारखा खच्चून. बहुतेकांत नुसता गोल. काहींत सुतळीचा गुंता झाल्यासारखं, ते प्रोफेज ना? एकीत दोन्ही टोकांना दोन झुपके आणि मधे रिकामं. माझ्या तोंडून एवढा मोठा आवाज आला की रिपोर्ट न्यायला आलेले आजोबा दचकले.

काचपट्टी (9.40)
सुतळी म्हणजे प्रोफेज. दोन झुपके म्हणजे ॲनाफेज. सोमवारी मॅडमना तीच पेशी दाखव, पॉइंटर त्यावर लावून ठेव. आणि कव्हरस्लिपच्या चारी कडांना नेलपॉलिश लाव, नाहीतर सोमवारपर्यंत वाळून जाईल.

पेनहरवलेली (9.44)
एक मेटाफेजही मिळालाय, पसरलेला. मोजले. तेराच भरतात. तीन कुठे गेले? 16 हवेत ना?

शेंगाचटणी (9.45)
अडत्याकडे विचार, मापात गेले असतील.

अडत_मार्केटयार्ड (9.47)
आमच्या काट्यावर बोलायचं काम नाही.

काचपट्टी (9.50)
एकावर एक पडलेत. बारीक फोकसचा स्क्रू अगदी हळू, जाता-येता फिरव. एक मिटेल तेव्हा खालचं उघडेल. कागदावर प्रत्येकाची रेघ काढत मोज.

पेनहरवलेली (10.06)
पंधरा. मामा लाइट बंद करायलाय.