विभागाचं पेज सांभाळलंय का कुणी? अनुभव लिहा

मोरपंखी
भाची एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या सत्राला ओजेटीचे (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव) ४ क्रेडिट असतात. ती कंपन्यांना मेल पाठवत बसली होती, तेवढ्यात विभागप्रमुखांनीच विचारलं, "तू इन्स्टावर असतेसच, मग आपल्या डिपार्टमेंटचं पेज का नाही सांभाळत?" घरात दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, फिजिक्स शिकायला पाठवलंय, पोस्टर करायला नाही. भाचीला मात्र जायचंय. मला दोघींचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

विज्ञानाच्या एखाद्या विभागासाठी विद्यार्थी असताना कुणी हे काम केलं असेल तर सविस्तर लिहा. दिवसभर नेमकं काय करावं लागायचं? पोस्टला होकार कोण द्यायचं? विद्यापीठाचं आणि माणसांची नावं नकोत, विषय सांगितला तरी पुरे.

शून्यसावली
विषय फिजिक्सच. मला वाटलं होतं विभागातल्या संशोधनाबद्दल लिहायचं. प्रत्यक्षात पहिला मोठा विषय आला तो व्हॉट्सअॅपवरून. जुलैच्या तोंडावर दरवर्षी एक संदेश फिरतो, तुम्हीही वाचला असेल: पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, एरवी अंतर ९ कोटी किलोमीटर असतं ते १५ कोटी २० लाख होणार, ऑगस्टपर्यंत गारठा पडणार, अंगदुखी आणि सर्दी होणार, आल्याचा चहा प्या. यातला १५ कोटी २० लाखांचा आकडा खरा आहे, हीच त्याची गंमत. खोटा आहे तो ९ कोटींचा. सूर्य आपल्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटरवर असतो. जानेवारीच्या सुरुवातीला तो १४ कोटी ७० लाखांवर येतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २० लाखांवर जातो. फरक तीनेक टक्क्यांचा, तोही दरवर्षी, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून. आणि जवळ असतो तेव्हाच आपल्याकडे थंडी असते.

सरांनी इंग्रजीत छान आकृती काढून दिली. ती पोस्ट विभागातल्या लोकांनीच लाइक केली आणि विषय संपला. मग मी तेच मराठीत, चित्राशिवाय, सात-आठ ओळींत लिहिलं. पहिल्याच ओळीत अफवेतलं वाक्य आणि लगेच खाली आकडे. ते मात्र फिरलं. काही दिवसांनी आत्याने मलाच फॉरवर्ड केलं, विभागाचं नाव गळून पडलेलं. विभागप्रमुख नाराज झाले, मी खूश.

दुसरं शून्य सावलीचं. एखादं वर्तमानपत्र 'आज महाराष्ट्रात सावली गायब' असं छापतं आणि लोक आपापल्या अंगणात जाऊन उभे राहतात. तारीख अक्षांशाप्रमाणे बदलते. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३ मेच्या सुमारास, नागपूरला २६ च्या आसपास. वेळही बाराची नाही. पुण्यात त्या दिवसांत सूर्य साडेबाराला डोक्यावर येतो, नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे बारा-दहालाच. मी गावागावांची तारीख आणि वेळ काढून वेगवेगळ्या पोस्ट केल्या. ही आकडेमोड तिसऱ्या सत्राच्या परीक्षेपेक्षा जास्त लक्षात राहिली. ताईंना हे सांगा. (जुलै-ऑगस्टात पुन्हा संधी येते, पण ती ढगांत जाते. त्यासाठी पोस्ट करायच्या फंदात पडू नका.)

तिसरा_बाक
मॅथ्सवाला. आमच्याकडे पेज म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि समूहछायाचित्र. कॅप्शनमध्ये आधी मा. कुलगुरू, मग प्र-कुलगुरू, मग अधिष्ठाता, मग विभागप्रमुख. हा क्रम चुकला तर पोस्ट खाली उतरते. गणितात चूक असली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक व्यावहारिक सांगतो. नॅकसाठी (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) प्रत्येक कार्यक्रमाचे जिओटॅग फोटो लागतात, म्हणजे फोटोवरच तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश छापलेले. तसं अॅप फोनमध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. कार्यक्रम संपल्यावर आठवण झाली तर पाहुण्यांना परत उभं करावं लागतं.

कंदीलपुष्प
वरच्या प्रतिसादातला सल्ला बॉटनीवाल्यांनी कृपया घेऊ नये!

आमच्या विभागाची दरवर्षी सह्याद्रीत सहल जायची. एका सड्यावर सेरोपेजिया दिसली, म्हणजे कंदीलपुष्प, गावाकडे जिला खरपुडी म्हणतात ती. फूल अगदी टांगलेल्या कंदिलाच्या आकाराचं. आतून केस असतात, बारीक माशी वासाने आत शिरते आणि काही काळ अडकते, फूल मलूल झालं की सुटते, तोवर परागकण तिच्या अंगाला लागलेले असतात. एवढा मालमसाला असलेलं झाड, आम्ही हरखून फोटो काढले. नॅकसाठी म्हणून एकाने जिओटॅगवालं अॅप लावलं होतं. फोटोच्या खालच्या पट्टीत सेकंदापर्यंत अक्षांश-रेखांश!

मॅडमनी तो फोटो पोस्ट होण्याआधी बघितला म्हणून बरं. यातल्या कित्येक जाती फक्त पश्चिम घाटात सापडतात, काही तर दोन-चार सड्यांवरच. कंद खातात लोक, शिवाय हौशी संग्राहक उपटून नेतात, आणि उरलेलं काम फोटोसाठी झोपणारे करतात. तेव्हापासून आमचा नियम ठरला: दुर्मीळ वनस्पतीच्या पोस्टमध्ये तालुकासुद्धा लिहायचा नाही, 'उत्तर पश्चिम घाट' एवढंच. पाठीमागे ओळखीचा सुळका किंवा देऊळ दिसत असेल तर तो फोटो बाद. मूळ फाइल कुणाला डॉक्युमेंट म्हणून पाठवायची नाही, तिच्यात ठिकाण दडलेलं असतं. पोस्ट फुलं गळल्यावर, महिना-दीड महिन्याने. आणि 'नक्की कुठे?' या कमेंटला सगळ्यांना एकच उत्तर, मग विचारणारा कितीही मोठा छायाचित्रकार असो.

याउलट टोपली कारवीबद्दल मनसोक्त लिहायचो. सात वर्षांनी फुलते, कासला फुलली की तशीही वर्तमानपत्रांत येतेच.

तिसरा_बाक
@कंदीलपुष्प, मग नॅकला काय दिलंत?

कंदीलपुष्प
बस सुटतानाचा फोटो. विभागाच्या दारातला. अक्षांश-रेखांशासकट.

धामणवाडी
झूऑलॉजी. माझ्या इंटर्नशिपमधलं पोस्टचं काम थोडं आणि इनबॉक्सचं जास्त. पाऊस सुरू झाला की रात्री-बेरात्री सापांचे फोटो यायचे. 'बाथरूममध्ये आहे, विषारी आहे का?' फोटो हललेला, अंधारात, अर्ध्या सापाचा. विभागाच्या नावापुढे विद्यापीठ लिहिलेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं पलीकडे प्राध्यापक बसलेत. पलीकडे असायची एस.वाय.ची मी, होस्टेलच्या गादीवर.

मला ओळखता यायचे बऱ्यापैकी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ, हे पाठ होतं. पण सरांनी सक्त ताकीद दिली होती की फोटोवरून जात सांगायची नाही. तेव्हा राग यायचा, आता पटतं. बिनविषारी म्हटलं की माणूस काठीने हलवायला जातो. विषारी म्हटलं की काठीने मारायला जातो. आणि अर्धा साप बघून मण्यार की कवड्या हे ठरवणं म्हणजे जुगार. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्याला, आणि फारसं दुखतही नाही.

म्हणून एक ठरलेलं उत्तर तयार केलं. साप दिसला असेल तर लांब राहा, नजर ठेवा, मुलं आणि कुत्रं आत घ्या, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावला असेल तर हा संदेश वाचत बसू नका, १०८ लावा, कापू नका, आवळून बांधू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन एकच असतं, साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. हे उत्तर नंतर पेजच्या सगळ्यात वर लावून ठेवलं, तरी फोटो यायचे ते यायचेच.

सकाळी 'ताई, गेला तो' असा निरोप यायचा तेव्हा फार बरं वाटायचं. आमच्या संशोधनाच्या पोस्टवर इतकं प्रेम कुणी केलं नाही.

दगडफोडी
जिऑलॉजी. आम्ही वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट टाकला. निळाशार, व्हॅनेडियममुळे तो रंग येतो. जगभरातल्या संग्रहालयांत या खनिजाचे जे देखणे नमुने आहेत ते पुण्याजवळच्या या खाणींतले. कमेंट आल्या: 'रेट?', 'डिलिव्हरी आहे का?', 'कोणत्या राशीला चालेल?' तिसऱ्या प्रश्नावर विभागात बैठक झाली. ठरलं काहीच नाही, चहा मात्र चांगला होता.

बोटांवर_डाग
केमिस्ट्री, आणि इथे थोडं गंभीर लिहिते. लॅबमधल्या रीलला चांगला प्रतिसाद मिळतो. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतला, धूर पसरला की लोक थांबून बघतात. पण माझं खरं काम कॅमेऱ्यासमोर काय आहे यापेक्षा मागे काय आहे ते बघण्याचं होतं. मागच्या फळ्यावर पीएच.डी.च्या दादाने रेणूची रचना काढलेली असते. ती अजून कुठे प्रसिद्ध झालेली नसते. पेटंटचा अर्ज भरण्याआधी ती जाहीर झाली तर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो, आणि इन्स्टावरची स्टोरीसुद्धा जाहीरच. गॉगल न लावलेला मित्र, फ्यूमहूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) उघडी काच, बाटलीवरचं अर्धवट लेबल, हेही सगळं मागेच सापडतं. लॅबमध्ये शूट करण्याआधी मी फळा पुसायला सांगायचे. दादा लोक वैतागायचे, मग स्वतःहून पुसायला लागले.

पेपर स्वीकारला गेला की लगेच टाकायची घाई असते. मोठ्या नियतकालिकांचा एम्बार्गो असतो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी जाहीर करायला बंदी. नेचरचे पेपर साधारणतः बुधवारी लंडनच्या दुपारी चारला खुले होतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. त्याआधी एक ओळही नाही. आमच्याकडे असा पेपर एकदा आला होता, सहलेखक म्हणून का होईना. मॅडम, तो दादा आणि मी, तिघं घड्याळ बघत बसलो होतो. त्या दिवशी मला 'पोस्टर करणारी मुलगी' असं कुणी म्हटलं नाही.

आणि एक विनंती, विज्ञान दिनाला रामन यांचा तोच फोटो टाकू नका. २८ फेब्रुवारी हा शोधाचा दिवस आहे, जयंती नव्हे. रामन परिणाम १९२८ साली दिसला, तेव्हा त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन बरोबर होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही. आम्ही विभागातल्या रामन यंत्राखाली (लेझरचा प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारं यंत्र) कँटीनच्या बाटल्या आणि डबे ठेवले. पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा यांच्या प्लास्टिकचे आलेख किती वेगळे येतात ते दाखवलं. कँटीनवाल्या काकांनी ती पोस्ट फ्रेम करून लावली होती.

इंडियानाकर
मी अमेरिकेत मास्टर्सला असताना फिजिक्स-अॅस्ट्रॉनॉमीच्या विभागात हे काम केलं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. पैसे तासावर, वेळेवर. तेवढ्यात किराणा निघायचा.

माझं नशीब म्हणजे ८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण आमच्या गावावरून गेलं. खग्रास स्थिती चार मिनिटांच्या आसपास. तयारी आदल्या उन्हाळ्यापासून. लोकांना एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे सांगायची होती: चष्मा आयएसओ १२३१२-२ चा हवा, तो फक्त खग्रास चालू असताना काढायचा, हिऱ्याच्या अंगठीसारखी चमक परत दिसली की पुन्हा लावायचा. आणि ९९ टक्के ग्रहण म्हणजे जवळजवळ खग्रास नव्हे, खग्रास दिसतं त्या पट्ट्याच्या बाहेर असाल तर गाडी काढा आणि आत या. हे शेवटचं पटवणं सगळ्यात अवघड गेलं. तीस मैलांसाठी कोण जातंय, असा सूर.

इकडे आईचा फोन: ग्रहणात बाहेर थांबू नकोस, काही खाऊ नकोस. विभागाने तर मैदानात पिझ्झा ठेवला होता. मी आईला पिझ्झाचा फोटो पाठवला नाही.

आमच्या बाईंनी एक फार शहाणपणाचं केलं. त्या चार मिनिटांसाठीच्या पोस्ट आदल्या रात्री वेळ लावून ठेवायला लावल्या आणि सगळ्यांचे फोन एका खोक्यात जमा केले. प्रत्यक्ष फोटो दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यातून नंतर आले. मी ग्रहण डोळ्यांनी पाहिलं.

फुकटफौजदार
सगळं छान आहे, पण पैशांचं बोला. इंडियानाकर सोडले तर कुणाला मिळाले? आम्हाला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव चुकीचं. आमच्या विद्यापीठात 'कमवा आणि शिका' होतं, त्यात बागेत पाणी घालणाऱ्याला तासाचे पैसे होते आणि पेजवाल्याला नव्हते, कारण पेज 'आवडीचं काम'. भाचीने काम घ्यावं, पण आधी कागदावर तीन गोष्टी घ्याव्यात: तास किती, ओजेटीत धरणार का, आणि होकार देणारी एकच व्यक्ती कोण. आमच्याकडे तीन सर होते. एकाला निळा रंग हवा, दुसऱ्याला भगवा, तिसरे सुट्टीवर.

शून्यसावली
+१. आणि पासवर्ड! आमच्या पेजचा ओटीपी एका पास होऊन गेलेल्या सीनियरच्या नंबरवर जायचा. तो बंगळुरूत नोकरीला. मीटिंगमध्ये असला की आमचं विज्ञान बंद. शेवटी विभागाच्या नावावर सिमकार्ड घेतलं, ते एका जुन्या फोनमध्ये घालून कार्यालयातल्या कपाटात ठेवलं. किल्ली शिपाईकाकांकडे, आणि काका दुपारी दीड ते अडीच जेवायला जातात. त्यामुळे पेज उघडायचं काम सकाळीच आटपा.