मदत हवी आहे – सीबी (सर्वसामान्यांच्या वापराचा रेडिओ) बेसचा, म्हणजे घरच्या सेटचा, उंच अँटेना, पाऊस पडला की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप, 1 च्या जितकं जवळ तितकं चांगलं) बिघडतो

छतावर पाच-अष्टमांश वेव्हचा (तरंगलांबीच्या 5/8 लांबीचा) अ‍ॅल्युमिनियम अँटेना आहे, साधारण पावणेसात मीटर, लावला तेव्हा चॅनल 1 ते 40 एसडब्ल्यूआर 1.5 च्या आत होता, आता मात्र 1 वर 1.6 आणि 40 वर 2.3 दाखवतोय, वरच्या चॅनलवर जास्त म्हणजे लांबी जास्त झालीय असं वाटतं, पण वाऱ्यात एकात एक बसवलेल्या नळ्या सरकल्या तर आखूडच व्हायला हवा ना? त्यात पाऊस पडला की काटा नुसता नाचतो, म्हणून मला कोॲक्सच्या (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) कनेक्टरमध्ये पाणी गेल्याचा संशय आहे. खाली उतरवायचं म्हणजे दोन माणसं लागतात, तर आधी डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा चाचणीचा रोध) लावून केबल तपासू की सरळ सगळे जॉइंट घासून, क्लॅम्प आवळून मग ट्यून करू? आणि दोरीचे ताण दिले तर खरंच जास्त टिकतो का?